घनदाट जंगलातील शिकारीसाठी रायफलचा स्कोप कसा निवडावा

रायफलसाठी स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, घ्यायला निघालेल्या माणसाची नजर बहुतेक वेळा खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाते. ३-९, ४-१६, ६-२४ असे पटींचे, म्हणजे चित्र किती पट मोठे दिसेल ते सांगणारे, आकडे तिथे छापलेले असतात आणि जितका आकडा मोठा तितका स्कोप चांगला, अशी समजूत नकळत होऊन बसते. उघड्या माळरानावर किंवा दरीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेम धरायचा असेल, तर या समजुतीत काही तथ्य आहे. घनदाट जंगलात मात्र, जिथे खोडांच्या आणि गचपणाच्या फटींतून ५० पावलांपलीकडचे क्वचितच दिसते आणि जनावर समोर आले तरी दोन-तीन क्षणांपेक्षा जास्त थांबत नाही, तिथे निवडीची सुरुवात उलट टोकाकडून करावी लागते. तिथे पाहायचा तो लहान आकडा. स्कोप कमीत कमी किती पटीवर आणता येतो आणि त्या पटीवर तो किती रुंद चित्र दाखवतो, यावरच जंगलातली त्याची लायकी ठरते. बाकीच्या बहुतेक गोष्टी त्यानंतर येतात.

पुढील सर्व विवेचन, शिकारीला जिथे कायद्याची परवानगी आहे आणि शिकाऱ्याकडे शस्त्राचा व शिकारीचा असे दोन्ही परवाने आहेत, तिथल्यापुरतेच आहे.

आधी आपले रान मोजा

स्कोपची माहितीपत्रके वाचण्याआधी एक सकाळ रानात रिकाम्या हाताने घालवावी, असा माझा आग्रह आहे. ज्या पायवाटेने आपण चालतो, ज्या मचाणावर किंवा ज्या झाडाच्या बुंध्याशी बसतो, तिथून प्रत्येक दिशेला नजर कुठवर पोहोचते हे पावलांनी किंवा रेंजफाइंडरने मोजून वहीत टिपून ठेवावे. पानगळीच्या आधी आणि नंतर ही अंतरे बरीच बदलतात, म्हणून शिकारीच्या हंगामात झाडी जशी असते तशीच असताना मोजणी करावी. झाडीत अंतराचा अंदाज हमखास जास्तीचा येतो. ओढ्याकाठच्या ज्या मोकळ्या जागेला मी कित्येक हंगाम शंभर मीटर म्हणत आलो होतो, ती मोजल्यावर ६२ मीटर भरली.

मोजणीत सर्वांत लांबचे अंतर १०० मीटरच्या आत येत असेल, तर ४ ते ५ पटीच्या वर जाण्याचे काही कारण उरत नाही. ४ पट विशालनात १०० मीटरवरचे जनावर २५ मीटरवर उभे असल्याएवढे दिसते, आणि नेम धरायला तेवढे पुरेसे असते. रानाच्या कडेला तोडणी झालेला पट्टा किंवा विजेच्या तारांखालची मोकळी वाट असेल आणि तिथे १५०-२०० मीटरची संधी मिळू शकत असेल, तर वरचा आकडा ६ किंवा ७ असलेला स्कोप घ्यावा. त्याहून मोठ्या आकड्यासाठी वजन आणि पैसा खर्च करणे जंगलात वाया जाते.

दृष्टिक्षेत्र: जंगलातली पहिली कसोटी

स्कोपमधून ठरावीक अंतरावर जेवढी रुंदी दिसते तिला दृष्टिक्षेत्र म्हणतात, आणि माहितीपत्रकात ते १०० मीटर किंवा १०० यार्ड अंतरासाठी दिलेले असते. ३-९×४० (गुणिलेच्या खुणेनंतरचा आकडा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास) या सर्वाधिक खपणाऱ्या प्रकारात ३ पटीवर १०० मीटर अंतरावर साधारण ११ मीटर रुंदीचे चित्र दिसते आणि ९ पटीवर ते साडेचार मीटरांपर्यंत आक्रसते. अंतर कमी झाले की हे क्षेत्रही त्याच प्रमाणात कमी होते, ही गोष्ट माहितीपत्रकात लिहिलेली नसते आणि जंगलात नेमकी तीच भोवते. ३० मीटरवर ९ पटीतून जेमतेम १.३५ मीटर रुंदीचा तुकडा दिसतो. मोठ्या हरणाचे धड जवळपास तेवढ्याच लांबीचे असते. म्हणजे जनावर समोर उभे असूनही स्कोपमध्ये ना त्याचे डोके दिसेल, ना पाय, ना ते ज्या झाडाला टेकून उभे आहे ते झाड.

हे मी अनुभवाने शिकलो आहे. माझ्या पहिल्या ३-९ पटींच्या स्कोपने आदल्या दिवशी मैदानावर सराव करताना मी पट ९ वर नेली होती आणि ती परत खाली आणायचे राहून गेले. दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना एक रानडुक्कर वीस पावलांवर जाळीतून बाहेर आले. रायफल खांद्याला लागली, डोळा स्कोपमागे आला आणि समोर दिसले ते फक्त राठ, काळपट केस. ते खांद्यावरचे होते, पोटावरचे होते की मागच्या फऱ्याचे, हे काही केल्या कळेना. मी रायफल खाली घेऊन उघड्या डोळ्यांनी पाहिले तोवर जाळी मिटली होती आणि पलीकडे पाचोळ्याचा आवाज दूर जात होता. काय दिसते आहे हेच समजत नसताना चाप न ओढणे योग्यच होते. पण ती वेळ यायलाच नको होती.

म्हणून जंगलासाठी स्कोप निवडताना सर्वांत लहान पटीवरचे दृष्टिक्षेत्र आधी विचारावे. १-४×२४ किंवा १-६×२४ या प्रकारात १ पटीवर १०० मीटरला ३५ मीटरांच्या आसपास रुंदी मिळते, म्हणजे ३० मीटरवर १० मीटरांहून थोडी अधिक. १.५-५×२० प्रकारात ती १०० मीटरला २० ते २२ मीटर असते, तर २-७×३३ प्रकारात १४-१५ मीटर. माझ्या मते, हळूहळू चालत माग काढणाऱ्याने १-४ किंवा १.५-५ पटींचा स्कोप घ्यावा आणि रानाच्या कडेला किंवा मचाणावर बसणाऱ्याने २-७×३३ घ्यावा. या दोन्हींच्या मधला, सगळीकडे चालेल असा १-६ पटींचा स्कोप चांगलाच असतो, पण त्याची भिंगे त्याच किमतीच्या १-४ पेक्षा बहुधा कमी दर्जाची असतात, कारण पटींची कक्षा वाढवायला लागणारी जास्तीची कारागिरी त्याच पैशांत बसवावी लागते.

कोणताही स्कोप घेतला, तरी रानात चालताना तो सर्वांत लहान पटीवर ठेवायचा, हा नियम मोडू नये. लांब दिसलेल्या जनावरासाठी पट वाढवायला सवड मिळते. पायांसमोर उठलेल्या जनावरासाठी ती कमी करायला सवड मिळत नाही. याच कारणासाठी पट बदलणारी कडी हातमोजा घातलेल्या दोन बोटांनी, नजर न हलवता फिरवता येते का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. ती इतकी सैलही नसावी की पाठीवरच्या पिशवीला घासून आपोआप फिरेल.

१ पटीचा खरा फायदा दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरण्यात आहे. उजवा डोळा स्कोपमधून पाहतो, डावा मोकळ्या रानाकडे, आणि दोन्ही चित्रे एकमेकांवर चपखल बसतात. पण काही स्कोप १ असे लिहूनही प्रत्यक्षात किंचित जास्त विशालन देतात आणि मग दोन चित्रे जुळत नाहीत, डोळ्यांवर ताण येतो. हे ओळखायची सोपी रीत अशी, की दोन्ही डोळे उघडे ठेवून दरवाजाच्या उभ्या चौकटीकडे पाहावे. स्कोपच्या आतली आणि बाहेरची चौकटीची रेघ एकसंध दिसली आणि तिची जाडी सारखीच दिसली, तर पट खरी आहे.

पट न बदलणारा ४×३२ स्कोपही थोड्या विरळ रानात अजून उत्तम काम देतो. त्यात हलणारे भाग कमी, भिंगे कमी, वजन कमी, आणि पट चुकीची राहून जाण्याचा प्रश्नच नाही. अगदी दाट झाडीत, जिथे ४०-५० मीटरांपलीकडे संधीच नसते, तिथे विशालन नसलेला रेड डॉट, म्हणजे काचेवर नुसता लाल ठिपका दाखवणारे नेमाचे साधन, पुरतो. मात्र अंधूक उजेडात जनावर नीट ओळखायला त्याची काडीचीही मदत होत नाही आणि ज्यांच्या डोळ्यांत ॲस्टिग्मॅटिझमचा दोष आहे त्यांना त्यातला गोल ठिपका फुटलेल्या चांदणीसारखा दिसतो.

उजेड कमी असताना काय दिसते

जंगलात दुपारीही सावली असते, आणि जनावरे हलतात ती पहाटे आणि कातरवेळी. अशा वेळी स्कोप किती उजळ चित्र देतो हे दोन गोष्टींवर ठरते: डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास आणि भिंगांवरचा लेप.

पहिली गोष्ट साध्या भागाकाराने काढता येते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की स्कोपमागे डोळ्यापाशी तयार होणाऱ्या चकतीचा व्यास मिळतो. ४० मिलिमीटर भिंग ९ पटीवर ४.४ मिलिमीटरची चकती देते आणि ६ पटीवर साडेसहा मिलिमीटरांहून मोठी. ३३ मिलिमीटरचे भिंग ५ पटीवर ६.६, तर २४ मिलिमीटरचे भिंग ४ पटीवर ६. माणसाची बाहुली लख्ख उजेडात २-३ मिलिमीटर असते. अंधारात तरुणपणी ती ७ मिलिमीटरपर्यंत उघडते आणि उतारवयात बहुतेकांची ५ मिलिमीटरच्या आसपासच थांबते. चकती बाहुलीएवढी झाली की त्यापुढचा प्रकाश डोळ्याच्या आत जातच नाही. ४ पटीवर नेम धरणाऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग साडेबारा मिलिमीटरची चकती देते, आणि त्यातली जवळपास निम्मी किंवा त्याहूनही जास्त रुंदी बाहुलीच्या बाहेर, बुबुळावर पडून वाया जाते. अशा मोठ्या भिंगासाठी स्कोप नळीपासून उंच बसवावा लागतो, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि रायफल झाडीतून नेताना पुढचे बोजड तोंड फांद्यांत अडकते. २० ते ३३ मिलिमीटरचे भिंग जंगलात पुरेसे आहे. ४० ही माझ्या मते वरची मर्यादा.

चकती मोठी असण्याचा आणखी एक उपयोग उजेडाशी संबंधित नाही. घाईत रायफल खांद्याला लावताना डोळा अगदी मध्यावर येतोच असे नाही. चकती मोठी असेल, तर डोळा थोडा इकडेतिकडे असूनही पूर्ण चित्र दिसते. ती लहान असेल, तर कडेने काळी चंद्रकोर येते आणि डोके हलवून योग्य जागा शोधण्यात तो मोलाचा क्षण निघून जातो.

दुसरी गोष्ट, लेपाची. कोरी काच आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले, तर लेपाशिवाय आत शिरलेल्या प्रकाशापैकी ६६ टक्केच डोळ्यापर्यंत पोहोचेल. कार्ल झाइस कंपनीत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणाऱ्या लेपाची पद्धत शोधली आणि दुर्बिणींचे जगच बदलले. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका थराने परतणारा प्रकाश दीड टक्क्याच्या जवळपास येतो आणि आजच्या बहुस्तरी लेपांनी अर्ध्या टक्क्याच्याही खाली. दहा पृष्ठभागांचाच हिशेब पुन्हा केला, तर एका थराने ८६ टक्के आणि बहुस्तरी लेपाने ९५ टक्के प्रकाश पार होतो. म्हणून खोक्यावर ‘कोटेड’, ‘फुली कोटेड’, ‘मल्टिकोटेड’ आणि ‘फुली मल्टिकोटेड’ यांपैकी नेमके काय लिहिले आहे हे वाचावे. सगळ्या पृष्ठभागांवर अनेक थर आहेत असे फक्त शेवटचा शब्दप्रयोग सांगतो. नुसते ‘मल्टिकोटेड’ म्हणजे एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावरही असू शकते. खर्चाला मर्यादा असेल, तर पटींची कक्षा आणि भिंगाचा आकार यांत काटकसर करावी. काचेत आणि लेपात करू नये.

काही माहितीपत्रकांत ‘ट्वायलाइट फॅक्टर’ नावाचा आकडा असतो. पट आणि भिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे तो आकडा. ९×४० साठी तो १९ येतो आणि ४×३२ साठी ११.३. काचेचा दर्जा त्यात कुठेच मोजलेला नसतो आणि पट वाढवली की तो आपसूक वाढतो, त्यामुळे जंगलासाठी निवड करताना तो बाजूला ठेवावा.

रेटिकल

नेमाच्या बारीक फुलीला, म्हणजे रेटिकलला, बहुतेक जण शेवटी पाहतात. दुकानातल्या पांढऱ्या भिंतीवर कोणतेही रेटिकल सुंदर दिसते. तेच ओल्या, काळपट सालीवर, आडव्यातिडव्या डहाळ्यांच्या गुंत्यात धरले, की केसासारखी बारीक फुली कुठे गेली ते शोधावे लागते. जंगलासाठी बाहेरचे दांडे जाड आणि मधला भाग बारीक, अशी ‘डुप्लेक्स’ पद्धतीची रचना हवी. डावीकडून, उजवीकडून आणि खालून तीन जाड दांडे येणारी ‘जर्मन ४’ रचना मला त्याहूनही आवडते, कारण वरची बाजू मोकळी राहते आणि जाड दांडे अंधुकातही नजरेला मध्याकडे ओढून नेतात. मधली फुली दिसेनाशी झाली, तरी तीन दांड्यांच्या मधला बिंदू डोळा स्वतःच ओळखतो. लांब पल्ल्यासाठीच्या, खाली शिडीसारख्या बारीक खुणा असलेल्या रेटिकलचा झाडीत अडथळाच होतो. त्या खुणा आणि डहाळ्या एकमेकींत मिसळून जातात.

रेटिकल पहिल्या फोकल प्लेनमध्ये आहे की दुसऱ्या, हा प्रश्नही विचारावा. पहिल्या प्रकारात पटीबरोबर रेटिकलही लहान-मोठे होते. म्हणजे सर्वांत लहान पटीवर, नेमके जिथे जंगलात आपण असतो तिथे, ते सर्वांत बारीक दिसते. दुसऱ्या प्रकारात त्याची जाडी कायम राहते. जंगलासाठी दुसरा प्रकार घ्यावा.

मध्यभागी प्रकाशमान ठिपका असलेला स्कोप परवडत असेल, तर तो अवश्य घ्यावा. गर्द सावलीतल्या काळ्या जनावरावर काळी फुली दिसत नाही, तिथे लाल ठिपका दिसतो. पण तो किती तेजस्वी होतो यापेक्षा तो किती मंद करता येतो हे पाहावे. अंधुकात ठिपका जास्त उजळ असेल, तर डोळ्याची बाहुली आक्रसते, ठिपक्याभोवती प्रभा पसरते आणि जनावरच झाकले जाते. प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये ‘बंद’ची जागा असलेले बटण सोयीचे, कारण आपली नेहमीची पायरी एका खटक्यावर तयार ठेवता येते. बॅटरी थंडीत लवकर दगा देते. जास्तीची एक खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. आणि बॅटरी संपल्यावरही काळे रेटिकल वापरता येईल असाच स्कोप निवडावा.

आय रिलीफ, पॅरॅलॅक्स आणि इतर काही

डोळा आणि स्कोपचे मागचे भिंग यांच्यामध्ये जितके अंतर ठेवून पूर्ण चित्र दिसते त्याला आय रिलीफ म्हणतात. ८५ ते १०० मिलिमीटर असणे चांगले, आणि जोरात धक्का देणारी रायफल असेल तर १०० च्या जवळचेच घ्यावे. अंतर कमी असेल तर बार होताना स्कोपची कडा भुवईवर आदळते आणि चंद्रकोरीसारखी जखम होते. उतारावर बसून वरच्या दिशेने नेम धरताना डोके नकळत पुढे सरकते, म्हणून हा धोका तिथे जास्त असतो.

पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा मध्यापासून हलल्यावर लक्ष्यावर रेटिकल सरकल्यासारखे दिसणे, याची जंगलात काळजी करू नये. शिकारीचे स्कोप बहुधा १०० यार्डांच्या आसपास जुळवलेले असतात. १०० मीटरवर जुळवलेल्या ४० मिलिमीटर भिंगाच्या स्कोपमध्ये ३० मीटरवर डोळा अगदी कडेला गेला तरी होणारी चूक १४ मिलिमीटरपेक्षा जास्त नसते. त्यासाठी वेगळी कडी असलेला स्कोप घेऊन वजन वाढवण्यात अर्थ नाही. स्कोपच्या स्वतःच्या नळीच्या जाडीचेही तसेच: २५.४ आणि ३० मिलिमीटर या दोन्ही चालतात. जाड नळीने चित्र उजळ होते हा गैरसमज आहे. तिने नेम सरकवण्याची कक्षा वाढते, आणि तिची जंगलात गरज नसते.

वर आणि बाजूला असलेल्या नेम जुळवण्याच्या चकत्यांवर झाकणे हवीत. उघड्या चकत्या झुडपांतून जाताना घासून फिरतात आणि नेम कधी हलला हे कळतही नाही.

जंगलात पाणी सगळीकडून येते: पावसातून, दवातून, हलवलेल्या फांदीवरून. स्कोप नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून सीलबंद केलेला असावा, म्हणजे आतून धुके धरत नाही. आयपीएक्स७ असे लिहिले असेल, तर तो १ मीटर पाण्यात ३० मिनिटे तग धरेल असा त्याचा अर्थ. बाहेरून धरणारे धुके मात्र कोणताही स्कोप थांबवू शकत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना बोटाने उघडणारी झाकणे लावावीत, मागच्या भिंगावर श्वास सोडू नये आणि गारठलेली रायफल एकदम उबदार खोलीत आणू नये.

फांदी, नळी आणि नजर

स्कोप निवडताना फारसे कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट इथे मुद्दाम सविस्तर लिहितो. स्कोपमधून दिसणारी वाट आणि गोळीची वाट एक नसते. स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा साधारण ४ सेंटिमीटर वर असतो. त्यामुळे आडव्या पडलेल्या ओंडक्यावर किंवा फांदीवर रायफल टेकवून नेम धरला, तर स्कोपमध्ये जनावर स्वच्छ दिसत असूनही नळीचे तोंड समोरच्या लाकडाच्या किंवा डहाळीच्या मागे असू शकते. दुसरे असे, की पट जितकी जास्त, तितकी जवळची वस्तू जास्त अस्पष्ट होते. ५० मीटरवरच्या जनावरावर नेम धरताना ८ मीटरवरची करंगळीएवढी डहाळी ९ पटीत पातळ धुरासारखी विरून जाते, जणू ती नाहीच, १.५ पटीत ती स्पष्ट दिसते. आणि डहाळीला लागलेली गोळी वाट बदलते, मग ती जड असो वा हलकी, मंद असो वा वेगवान. झाडी फोडून सरळ जाणारी गोळी असते, ही समजूत चुकीची आहे. जखमी होऊन निसटलेले जनावर हा शिकाऱ्याच्या माथी लागणारा सर्वांत मोठा दोष आहे, आणि लहान पट निवडण्याचे हेही एक भक्कम कारण आहे. चाप ओढण्यापूर्वी क्षणभर डोके उचलून नळीच्या समोरची वाट उघड्या डोळ्याने पाहण्याची सवय लावावी.

त्याच अनुषंगाने: स्कोप हे पाहणीचे साधन नाही. झाडीत काहीतरी हलले म्हणून ते काय आहे हे पाहायला रायफल उचलणे म्हणजे कदाचित एखाद्या माणसावर नळी रोखणे. पाहणीसाठी गळ्यात ७ किंवा ८ पटींची वेगळी दुर्बीण हवी. ८×३२ ची दुर्बीण हलकी असते आणि झाडीत पुरते. स्कोपवरचे थोडे पैसे वाचवून ती घेतली, तर तो खर्च सर्वांत योग्य जागी झाला असे मी मानेन.

विकत घेताना आणि बसवताना

दुपारी ट्यूबलाइटखाली स्कोप पारखू नये. शक्य असेल तर दिवस मावळताना दुकानाबाहेर जाऊन, एखाद्या झाडाच्या सावलीतल्या बुंध्याकडे दोन-तीन स्कोपमधून, सगळे एकाच पटीवर ठेवून, आळीपाळीने पाहावे. सालीच्या भेगा कोणत्या स्कोपमध्ये सर्वांत शेवटपर्यंत दिसत राहतात याकडे लक्ष द्यावे. मावळत्या सूर्याच्या थोडे बाजूला स्कोप धरून चित्रावर पांढुरका पडदा येतो का, हेही पाहावे; सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून, हिवाळ्यात घालतो तेवढे कपडे अंगावर चढवून, स्कोपची जागा ठरवावी. डोळे मिटावेत, रायफल खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. मान न हलवता पूर्ण गोल चित्र दिसले, तर स्कोप जागेवर आहे. कडेला काळे दिसले, तर त्याला पुढे-मागे सरकवावे. सर्वांत मोठ्या पटीवर हे जुळवले, की लहान पटीवर आपोआप जुळते. स्कोप नळीला न चिकटता जितका खाली बसेल तितका चांगला. स्कोपला रायफलीवर धरून ठेवणाऱ्या कड्यांचे स्क्रू टॉर्क रेंचनेच (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत, १.७ ते २.३ न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण आकडा आहे, पण कड्यांच्या निर्मात्याने दिलेला आकडा अंतिम मानावा. जास्त आवळल्याने स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकते.

नेम जुळवायला आधी २५ मीटरवर सुरुवात करावी. नेमाच्या चकतीचा एक खटका, म्हणजे एक क्लिक, पाव एमओएची (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) असेल, तर ती १०० मीटरवर गोळी सुमारे ७ मिलिमीटर सरकवते आणि २५ मीटरवर त्याच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे २ मिलिमीटरांहूनही कमी. इतक्या जवळ क्लिक चौपट द्याव्या लागतात हे ध्यानात ठेवावे. मग १०० मीटरवर अचूक नेम बसवावा. नेहमीच्या शिकारी रायफलीला १०० मीटरचा नेम बसवला, की २५ मीटरवर गोळी दीड-दोन सेंटिमीटर खाली लागते आणि १० मीटरवर जवळपास ३ सेंटिमीटर खाली. आपल्या रायफलीचे हे आकडे कागदावर प्रत्यक्ष बार काढून पाहावेत आणि दस्त्यावर चिकटवून ठेवावेत.

शेवटी, लहान पटीपासून मोठ्या पटीपर्यंत नेऊन पुन्हा खाली आणावे आणि प्रत्येक टोकाला तीन-तीन बार काढावेत. गोळ्यांचा झुबका एकाच जागी राहिला तर स्कोप विश्वासाचा. पट बदलल्यावर झुबका सरकत असेल, तर तो स्कोप परत करावा. तो दोष क्लिक फिरवून जात नाही. लांबचा प्रवास झाल्यावर किंवा रायफल पडल्यावर रानात शिरण्याआधी एक तपासणीचा बार काढावा, आणि नेम हललेला दिसला तर चकत्यांना हात लावण्यापूर्वी कड्यांचे आणि कड्या ज्यावर बसतात त्या बेसचे स्क्रू तपासावेत. दहांतल्या बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.